जुना कॉम्प्रेसर : आधी टाकी, मग हेड

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात जुन्या यंत्रांच्या एका व्यापाऱ्याकडून मी एक बंद पडलेला कॉम्प्रेसर घेतला. दोन एचपीची थ्री फेज मोटार, दोन टप्प्यांत हवा दाबणारे दोन सिलिंडरचे हेड आणि 160 लिटरची आडवी टाकी, असा तो संच आहे. लाकडी फर्निचरला फवारणीने रंग देण्यासाठी मला तो हवा होता. जुना कॉम्प्रेसर घेणाऱ्याचे लक्ष पहिल्यांदा मोटारीकडे आणि हेडकडे जाते. पुली हाताने फिरली की सौदा ठरतो. माझे ठाम मत असे आहे की सर्वांत आधी टाकी तपासली पाहिजे. हेड बिघडलेले असेल तर हवा मिळत नाही, एवढेच होते; टाकी फुटली तर जवळ उभ्या असलेल्या माणसाचा जीव जातो.

160 लिटरच्या टाकीत 7 किलो दाबाची (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला 7 किलो) हवा भरली, तर तिच्यात साठलेली ऊर्जा एक टन वजनाची मोटारगाडी चार मजल्यांच्या उंचीवर नेऊन ठेवण्याइतकी असते. टाकीचा पत्रा फाटला तर ही सगळी ऊर्जा क्षणात बाहेर पडते. आणि पत्रा पातळ होतो तो आतून, तळाशी, म्हणजे नेमका जिथे डोळा पोचत नाही तिथे.

याचे कारण हवेतल्या बाष्पात आहे. पावसाळ्यात 30 अंश तापमानाच्या आणि 80 टक्के आर्द्रतेच्या एक घनमीटर हवेत सुमारे 24 ग्रॅम पाणी असते. 7 किलोच्या दाबासाठी अशी आठ घनमीटर हवा एका घनमीटरमध्ये कोंबली जाते, म्हणजे तिच्याबरोबर जवळजवळ 190 ग्रॅम पाणी आत येते. पण थंड झाल्यावर त्या एका घनमीटरमध्ये बाष्परूपाने फक्त 30 ग्रॅमच राहू शकते. बाकीचे पाणी टाकीच्या तळाशी जमते. माझ्या टाकीच्या हिशेबाने एका भरणीमागे हे सुमारे 25 ग्रॅम होते, आणि दिवसभर काम चालले तर लिटरात मोजावे लागते. ज्या कारखान्यात ड्रेन कॉक, म्हणजे तळाचे पाणी काढण्याची तोटी, रोज उघडला जात नाही, तिथली टाकी वर्षानुवर्षे पाण्यात उभी असते. माझ्याकडे आलेल्या टाकीचा ड्रेन कॉक तपकिरी चिखलाने पूर्ण बुजलेला होता आणि तो काढल्यावर गंजाचा दाट गाळ बाहेर आला. त्याहून वाईट गोष्ट म्हणजे दाब मर्यादेबाहेर गेला की हवा सोडणाऱ्या सेफ्टी व्हॉल्वच्या जागी कोणीतरी साधा प्लग आवळून ठेवला होता.

नेमप्लेट घासून स्वच्छ केल्यावर कामाचा दाब 10 किलो आणि चाचणीचा दाब 15 किलो असे आकडे वाचता आले. ही पाटी नसती तर मी टाकी परत केली असती. त्यानंतर अल्ट्रासॉनिक मीटरने पत्र्याची जाडी मोजून घेतली. त्यासाठी ठिकठिकाणी रंग खरवडून, जेल लावून प्रोब टेकवावा लागतो. वरच्या भागात जाडी 5 मिलिमीटर मिळाली आणि तळाच्या रेषेत, सर्वांत कमी ठिकाणी, 4.4. ड्रेनच्या भोवती आणि दोन्ही घुमटाकार झाकणांच्या जोडाशी मी जास्त जागा तपासून घेतल्या, कारण गंज सगळीकडे सारखा खात नाही. मध्येच एखादा खोल खड्डा पडलेला असतो.

मग पाण्याची चाचणी. उद्यमनगरात आयुष्य घालवलेले, शेजारी राहणारे निवृत्त फिटर मामा या कामाला आवर्जून आले, आणि पाणी भरण्याआधी टाकीखाली लाकडी ओंडके लावायला त्यांनीच सांगितले, कारण 160 किलोचे जादा वजन जुन्या चाकांना पेलणारे नव्हते. वरचा प्लग उघडा ठेवून, हवेचा एक बुडबुडाही आत राहणार नाही अशा रीतीने टाकी काठोकाठ भरली आणि हातपंपाने दाब सावकाश 15 किलोपर्यंत नेला. पाणी जवळजवळ दाबले जात नसल्यामुळे त्यात ऊर्जा फारशी साठत नाही. पत्रा कुठे फाटलाच तर एक चिळकांडी उडते आणि काटा खाली येतो. म्हणून ही चाचणी हवेने कधीही करू नये. वेल्डिंगचे जोड कोरडे पुसून आम्ही अर्धा तास पाझर शोधत राहिलो. काटा हलला नाही. कारखान्यांसाठी दाबाखालच्या यंत्रांची सुरक्षितता 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 31 मध्ये बंधनकारक केलेली होती. घरामागच्या शेडमध्ये कोणी निरीक्षक येत नाही, म्हणून तिथे ही जबाबदारी मालकाने स्वतःच घ्यावी.

टाकी उत्तीर्ण झाल्यावरच हेड उघडले. पहिल्या टप्प्याचे व्हॉल्व बऱ्यापैकी स्वच्छ होते, पण दुसऱ्या टप्प्याच्या बाहेर जाणाऱ्या व्हॉल्ववर काळ्या कार्बनचा टणक थर बसला होता. हवा सर्वांत तापते ती इथेच, आणि आधीच्या मालकाने इंजिनाचे ऑइल घातले असावे असे त्या थरावरून दिसत होते. त्या ऑइलमधील डिटर्जंट पाण्याला धरून ठेवते. अशा थरामुळे व्हॉल्वची उघडमीट करणारी पातळ पट्टी तिच्या बैठकीवर, म्हणजे सीटवर, पुरती बसत नाही, दाबलेली हवा मागे फिरते, पुन्हा दाबली जाते आणि आणखी तापते. व्हॉल्वच्या पट्ट्या आणि सीट जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून, इंग्रजी आठच्या आकारात फिरवून घासल्या. पृष्ठभागावर सगळीकडे एकसारखी मंद झाक आली की थांबायचे. नंतर व्हॉल्व उलटा धरून त्यात थोडे रॉकेल ओतले आणि खालून थेंब पडत नाही याची खात्री केली. मात्र जोडणीपूर्वी ते रॉकेल पूर्ण पुसून वाळवले, कारण तापलेल्या दाबाखालच्या हवेत त्याची वाफ पेट घेऊ शकते.

रिंगा आणि गॅस्केट नवीन टाकले, क्रँककेस धुऊन कॉम्प्रेसरचे 100 ग्रेडचे ऑइल भरले. मोटारीचे वाइंडिंग मेगरने, म्हणजे इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरने, तपासले तर ते चांगले निघाले. फक्त बेअरिंगा बदलाव्या लागल्या. मोटार आणि पुली यांना जोडणाऱ्या पट्ट्यावरची संरक्षक जाळी नव्याने बनवून घेतल्याशिवाय मी वीज जोडली नाही. पुलीचे आरे पंख्यासारखे असतात आणि त्यांची हवा सिलिंडरवर आली पाहिजे, म्हणून फिरण्याची दिशा बाणाशी ताडून पाहिली. ती उलटी निघाल्यावर तीनपैकी दोन वायरी अदलाबदल केल्या. सुरुवातीला टाकीचा कॉक उघडा ठेवून यंत्र विनादाब चालवले.

दाब भरल्यावर एक दोष उरला. मोटार बंद झाली तरी, दाबानुसार ती चालू-बंद करणाऱ्या प्रेशर स्विचपाशी हवेची सुरसुर थांबत नव्हती. तिथला छोटा अनलोडर फक्त हेड आणि टाकी यांमधल्या नळीतली हवा सोडतो, जेणेकरून पुढच्या वेळी मोटारीला भाराविना सुटता यावे. हा आवाज दोन-तीन सेकंदांत संपायला हवा. तो चालूच राहिला तर टाकीतली हवा, तिला मागे जाऊ न देणाऱ्या नॉन रिटर्न व्हॉल्वमधून मागे येते आहे असे समजावे. अनेक जण अशा वेळी प्रेशर स्विचच बदलतात आणि पैसे वाया घालवतात. माझ्या यंत्रात या नॉन रिटर्न व्हॉल्वच्या सीटवर गंजाचा कण अडकलेला होता. तो काढून नवी चकती बसवल्यावर आवाज बंद झाला.

शून्यापासून 7 किलोपर्यंत भरायला आता सहा मिनिटांच्या आसपास लागतात. म्हणजे 1,120 लिटर मोकळी हवा, मिनिटाला सुमारे 185 लिटर किंवा साडेसहा सीएफएम (मिनिटाला घनफूट). टाकीतली हवा त्या वेळी गरम असल्यामुळे खरा आकडा थोडा कमी धरावा, तरीही दोन एचपीच्या जुन्या यंत्राकडून मला एवढे पुरेसे आहे. सेफ्टी व्हॉल्व नवा आहे आणि स्विच साडेपाच किलो दाबाला चालू होऊन सात किलोला बंद होतो. रंगात पाण्याचा थेंब येऊ नये म्हणून टाकीपासून फवारणीच्या गनपर्यंतची लाइन मी टाकीकडे उतार देऊन नेली आहे, प्रत्येक फाटा पाइपच्या वरच्या बाजूने काढला आहे आणि गनच्या अलीकडे पाणी वेगळे करणारा फिल्टर व रेग्युलेटर बसवला आहे. त्या ठिकाणी दाब 3 किलोवर ठेवला आहे.