ज्वारीची रास

दुपारी मार्केट यार्डात वेगळ्याच कामाला गेलो होतो, पण एका आडतीपुढं मालदांडी ज्वारीची पोती ओतत होते आणि पाय तिथंच थांबले. दाणे शेंड्यावर पडतात, रास क्षणभर टोकदार होते, मग एका अंगानं घसरून सगळं पायथ्याला येतं. घेर वाढतो, उंची वाढते, उतार मात्र तोच. "काय बघायलाव ओ, बाजूला सरका की," हमाल म्हणाला. सरकलो, पण बघत राहिलो.

आजोळी, मंगळवेढ्याकडं, खळ्यावर रास लागली की आधी पूजा आणि मग पायलीनं माप. पहिल्या मापाला 'एक' नाही, 'लाभ' म्हणायचं. मला नाद शेंड्यावर आणखी मूठभर दाणे ठेवायचा. ते काही राहायचे नाहीत. आजोबा म्हणायचे, "तिला जेवढं उभं राहायचंय तेवढीच राहती ती."

शाळेत शंकू आला तो विदूषकाची टोपी घालून. ज्वारीच्या जिल्ह्यात बसून आम्ही टोपीला कागद किती लागेल ते काढत होतो!

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (११५०) मात्र धान्याच्या राशींचं वेगळं प्रकरणच आहे. राशीच्या पोटात काठी खुपसायची नाही. भोवती दोरी फिरवायची. जाड धान्य असेल तर परिघाचा दहावा भाग ही उंची, बारीक असेल तर अकरावा, कुसाचं असेल तर नववा. मग परिघाच्या सहाव्या भागाचा वर्ग गुणिले उंची, झालं घनफळ. परीघ ६० हात, तर उंची ६, घनफळ ६०० घनहात. पाय (π) ३ धरलेला आहे, म्हणून हिशेब जरा उदार. आपल्या सूत्रानं ५७३च्या आसपास येतं. पण तो दहावा भाग बघा. त्याचा उतार साधारण ३२ अंशांचा होतो. आजोबांचं वाक्य, आकड्यात.

वक्रपृष्ठफळाची आठवण मात्र फक्त अवकाळीला येते. आभाळ भरून आलं की घनफळ कोण विचारतो, ताडपत्री पुरेल का ते सांगा. तिथं पाय, त्रिज्या आणि तिरकस उंची यांचा गुणाकार. रास सगळ्या अंगांनी दुप्पट झाली तर ज्वारी आठपट, ताडपत्री मात्र चौपटच. मोठ्या बागायतदाराचं इथंही बरं असतं.

आता सगळं इलेक्ट्रॉनिक काट्यावर, दोरी कुणाला हवी? मला आपली एक भलतीच शंका आहे. भिंतीला टेकलेल्या राशीचा परीघ दुप्पट करून घ्यायचा, खोलीच्या कोपऱ्यातल्या राशीचा चौपट, हे पटतं. पण भास्कराचार्य घराच्या बाहेरच्या कोपऱ्याला ओतलेल्या राशीचंही गणित देतात. बाहेर, रस्त्यावर, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या शेळ्या मोकळ्या असताना, तिथं धान्य कोण ओततं? असेल बाबा कुणीतरी.