५०-५० ठेवलं की झालं ना?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. दोन कंपन्या मिळून तिसरी काढायला निघाल्या, म्हणजे जॉइंट व्हेंचर करायचं ठरलं, की हा प्रश्न माझ्याकडे येतोच: "वकीलसाहेब, ५०-५० ठेवलं की भांडणाचं कारणच उरत नाही ना?"

उरतं. ५०-५०मध्ये नफा अर्धा-अर्धा वाटला जातो, पण 'नाही' म्हणायचा हक्क दोघांनाही अख्खा मिळतो.

हे मला एका बोर्ड मीटिंगमध्ये नीट कळलं. दोन्हीकडचे तीन-तीन संचालक. कोरमसाठी, म्हणजे सभा वैध ठरायला लागणाऱ्या किमान हजेरीसाठी, प्रत्येक बाजूचा निदान एक जण हवा, ही अट मीच घातली होती आणि घालताना स्वतःवर खूशही होतो. विषय होता नव्या यंत्रांसाठी कर्ज. ज्यांना कर्ज नको होतं, ते आलेच नाहीत. टेबलावर पाण्याच्या सहा बाटल्या, त्यातल्या तीन उघडलेल्या. सभा तहकूब. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. विरोधात एकही मत न पडता ठराव बारगळला.

तेव्हापासून मी लिहितो, की तहकूब सभेला जे येतील त्यांच्यावर कोरम पूर्ण होईल. मात्र कर्ज, नवे शेअर, कंपनीची विक्री अशा मोजक्या विषयांना दोघांची लेखी संमती हवीच. म्हणजे त्या कर्जाला तेव्हाही नकार मिळालाच असता, पण तो सही करून द्यावा लागला असता.

आणि खरंच अडलं तर? एक उपाय असा: एकाने शेअरचा भाव सांगायचा, त्या भावाने विकायचं की विकत घ्यायचं हे दुसऱ्याने ठरवायचं. ऐकायला न्याय्य वाटतं. पण समोरच्याची तिजोरी रिकामी आहे हे हेरून नेमका तेव्हाच पडका भाव सांगता येतो. लहान भागीदाराला मी हे कलम सहसा घेऊ देत नाही.

(करारातल्या अटी कंपनीच्या नियमावलीतही उतरवा. नाहीतर त्या कंपनीवर बंधनकारक नाहीत असा वाद उभा राहतो.)

दुसरं दुखणं निष्ठेचं. न्यूयॉर्कमधला १९२८चा माइनहार्ड विरुद्ध सॅल्मन हा निकाल अजून कामाला येतो. सॅल्मनने १९०२मध्ये एक हॉटेल २० वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतलं. निम्मा पैसा माइनहार्डचा, कारभार सॅल्मनचा. मुदत संपत आली तेव्हा जागामालकाने सॅल्मनपुढे त्याहून मोठा पट्टा ठेवला. सॅल्मनने तो भागीदाराला न सांगता आपल्या कंपनीच्या नावे करून घेतला. न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी माइनहार्डला त्यात वाटा दिला.

म्हणून कुठला धंदा जॉइंट व्हेंचरचा आणि कुठला ज्याचा त्याचा, हे लिहून घ्यायचं. लोक हे कलम दोन ओळींत उरकतात. मी त्यावर अख्खी दुपार घालवतो, अशील घड्याळाकडे बघत असले तरी.