गुडघ्याचं ऑपरेशन, डी-डायमर आणि गुठळीची धास्ती

नागपूरला धंतोलीत डावा गुडघा बदलून घ्यायचं ठरलं तेव्हा मला भीती होती ती भुलीची. गुठळीचा विषय काढला भूल देणाऱ्या मॅडमनी, फिटनेसच्या तपासणीत. घरात कुणाच्या पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली होती का, पायाच्या शिरा फुगतात का, हार्मोनच्या गोळ्या चालू आहेत का, असं खोदून विचारलं. प्लेटलेट आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) बघितल्याशिवाय कमरेत भुलीची सुई देणार नाही म्हणाल्या.

हाड कापलं की शरीराच्या दृष्टीने ती मोठी जखमच, त्यामुळे रक्त गोठवायची यंत्रणा लगेच जागी होते. त्यात मांडीला पट्टा आवळतात, पोटरीचे स्नायू ढिले पडतात आणि शिरेतलं रक्त साचून राहतं. कमरेतल्या भुलीत पायाच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त खेळतं राहतं. पण आता गुठळी टाळायची औषधं देतातच, त्यामुळे कमरेतली आणि पूर्ण बेशुद्ध करायची, या दोन्ही भुलींत पूर्वीइतका फरक राहिलेला नाही, हेही त्यांनीच सांगितलं. “भूल कोणती यापेक्षा तुम्ही उठता किती लवकर, ते पाहा काकू.”

कमरेतल्या सुईनंतर 12 तास उलटल्यावरच एनॉक्सापॅरिनचं, म्हणजे गुठळी टाळायच्या औषधाचं, पहिलं इंजेक्शन मिळालं, 40 मिलिग्रॅम, पोटावर. लवकर दिलं तर मणक्याजवळ रक्तस्राव होऊ शकतो. पुढची इंजेक्शनं घरी सून द्यायची. बेंबीपासून लांब, कातडीची घडी चिमटीत धरून सुई सरळ आत. सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढायचा नाही आणि नंतर चोळायचं तर मुळीच नाही. तरी पोटावर हिरवे-निळे डाग पडलेच. दवाखान्यात सिस्टरचा एकच धोशा असे, “काकू, पंजे हलवून राहिल्या ना?” खरं सांगायचं तर त्या इंजेक्शनांपेक्षा मला हाच जास्त जाच वाटला.

घरी आल्यावर पोटरी जरा सुजली. भाच्याने परस्पर लॅबवाला बोलावून डी-डायमर, म्हणजे गुठळीच्या शंकेसाठीची रक्ततपासणी, करून घेतला. 2021 च्या कोविडपासून आमच्या घरात सगळेच अर्धे डॉक्टर! 500 च्या आत हवा तो आकडा आला 2,800, तोही लाल अक्षरांत. त्या रात्री घरात कुणी धड झोपलं नाही.

सर्जननी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि आधी टेप काढली. दोन्ही पोटऱ्या मोजल्या, फरक 3 सेंटिमीटरच्या आत. मग म्हणाले, गुठळी विरघळताना जे तुकडे पडतात त्यांतला डी-डायमर हा एक. ऑपरेशनच्या जखमेतही रक्त गोठतं आणि विरघळतं, म्हणून कित्येक दिवस हा आकडा चढलेलाच असतो. कमी आला असता तर काही कळलं असतं, वाढलेल्यावरून काहीच ठरत नाही. वर, काही लॅब एफईयू या एककात मोजतात, काही डीडीयूत. पहिला आकडा दुसऱ्याच्या साधारण दुप्पट येतो, मग दोन रिपोर्टांची तुलना करायची कशी?

तरी खात्रीसाठी डॉपलर, म्हणजे पायाच्या शिरांची सोनोग्राफी, केला. जांघेपासून पोटरीपर्यंत ठिकठिकाणी प्रोब दाबून बघतात. शीर दाबली की चपटी होते, गुठळी असेल तर होत नाही. माझ्या सगळ्या चपट्या झाल्या.

मात्र अचानक धाप लागली, छातीत दुखलं किंवा खोकल्यातून रक्त पडलं, तर लॅबला फोन न करता थेट 108 लावायचा, असं सर्जननी भाच्याला बजावलं. पुण्याच्या लग्नाला रात्रभर बसमध्ये बसून जायचं मी म्हणत होते, ते त्यांनी जागच्या जागी रद्द केलं.