पाण्याचा दिवस आणि सकाळचे नियम

रविवार, रात्र

उद्या पाण्याचा दिवस. नळ पहाटे कधी येईल याचा नेम नाही. उजनी धरणाचं पाणी शंभरहून जास्त किलोमीटर पाइपातून येतं, टाक्या भरतात, मग आमच्या भागाची पाळी. बादल्या धुऊन ठेवायच्या आणि कान नळाकडे ठेवून झोपायचं, हे सोलापूरकराला शिकवावं लागत नाही.

म्हणूनच पाचला ऊठ, सव्वापाचला व्यायाम, सहाला वाचन असल्या वेळापत्रकावर माझा भरवसा नाही. घड्याळाला बांधलेली सकाळ इथे पाण्याच्या दिवशी मोडतेच. वेळा ठरवण्याआधी आपण काय मानतो ते ठरवावं, असं मला हल्ली फार वाटतं. ते पक्कं असलं की सकाळ चारला सुरू होवो नाहीतर साडेसहाला, आधी काय आणि मग काय हा प्रश्न उरत नाही.

पहिला नियम सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी चालताना सुचला. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना हाताशी धरून हे तळं खोदलं. योगी माणूस, नुसते ध्यानाला बसून राहिले असते तरी कुणी नावं ठेवली नसती. पण गावाच्या पाण्याची सोय करणं हीच त्यांना भक्ती वाटली. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत, नंदीध्वजाच्या उंच काठ्या ६८ शिवलिंगांच्या भेटीला निघतात तेव्हा आपण सगळे रस्त्यावर हात जोडून उभे असतो. एरवीच्या सकाळी त्यातलं माझ्याकडे काय उरतं? वहीत लिहिलं: दिवसाचं पहिलं काम दुसऱ्या कुणासाठी. सासूबाईंच्या गोळ्या आणि कोमट पाणी त्यांच्या हाताशी ठेवणं. तळमजल्यावरच्या आजींची घागर भरून देणं. हे लिहिल्यापासून पाणी भरण्याकडे मी वेगळ्या नजरेनं बघते. ते माझ्या सकाळच्या आड येत नाही, तीच माझी सकाळ आहे.

दुसरा नियम झोपेचा, आणि यावर मी कुणाशीही भांडेन. मोठ्या माणसाला सात तास तरी झोप लागते. रात्री बारापर्यंत जागून चारला उठण्यात काय मोठेपणा आहे? नळ पहाटे येणार असेल तर आदल्या रात्री नऊला अंथरुणात. सकाळ आदल्या रात्रीच सुरू होते.

चालणं उन्हाच्या आधी. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो, आठलाच ऊन चटके देतं. किल्ल्याच्या बाजूनं एक फेरी त्याआधी झाली तर झाली. मोबाइल चहा होईपर्यंत कपाटात. यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

लेकीला उठवण्याचं मात्र मी बराच वेळ मनात घोळवलं. ‘ऊठ, उशीर झाला’ हे ज्या मुलीच्या कानावर रोज पहिलं पडतं, ती शाळेत पोचेपर्यंत घाईतच असते. तिच्याशी दिवसाचं पहिलं बोलणं तक्रारीचं नसेल, हा नियम मी सगळ्यांत ठळक अक्षरात लिहिलाय. आधी जवळ बसायचं, केसांतून हात फिरवायचा, स्वप्न पडलं का विचारायचं. पाच मिनिटं लागतात. ती देईन.

संध्याकाळी भाकऱ्या थापताना सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, “यात देवाचं कुठाय गं?” मी तळ्याचं सांगितलं. थोड्या वेळानं म्हणाल्या, “बरं, मग दिवा मी लावते. पाणी तू भर.” ही वाटणी मला मनापासून पटली. वहीत तशीच उतरवली.

माझ्या वाचनाला जागा कुठे द्यायची, हे अजून ठरत नाही. पहिलं काम दुसऱ्यासाठी, हे मानलं तरी दिवसात स्वतःचं काहीतरी हवंच. पाणी नसलेल्या दिवशी लेक उठायच्या आधी पंधरा मिनिटं मिळतील. मंगळवारपासून तसं करून बघते.