बडोद्याच्या ऑफिसात लेहची दुपार

आमच्या मालवाहू विमानाच्या तक्त्यात पहिल्या ओळीत 'कमाल भार' होता. आकडा दणदणीत होता आणि मीटिंगमध्ये सगळे खूश होते. मी त्या तक्त्यात लेह शोधत होतो, पण ते कुठेच नव्हतं.

हवाई दलात माझी उमेदीची वर्षं एएन-३२ या मालवाहू विमानावर फ्लाइट इंजिनिअर म्हणून गेली. निवृत्तीनंतर बडोद्यातच स्थायिक झालो. आता एका खासगी कंपनीत, संरक्षण खरेदीच्या चौकश्यांना उत्तरं तयार करणाऱ्या गटात काम करतो. त्या दिवशी समोर होती मध्यम मालवाहू विमानाबद्दलची आरएफआय. निविदेच्या फार आधी येणारी ही चौकशी असते: तुमच्याकडे काय आहे, ते काय करू शकतं? आलेल्या उत्तरांचा उपयोग गरजा पक्क्या करायला होतो. मग निविदा, चाचण्या, आणि शेवटी चाचण्यांत पास झालेल्यांमध्ये ज्याची किंमत सर्वांत कमी तो एल-वन. किमान रेषा ओलांडली की तिच्यावर कितीही उंच गेलात तरी बहुतेक वेळा जादा गुण नाहीत. म्हणून ती रेषा कुठे आखली जाते यावर पुढची तीस-चाळीस वर्षं ठरतात. सुरुवातीला जे कागदावर आलं नाही, ते पुढे कुणी मोजत नाही.

साहेब म्हणाले, "काका, उत्तरेचा मुद्दा आहे की आपल्याकडे. कॅनडाने २०१६ मध्ये त्यांच्या शोध-बचावासाठी सी-२९५ विमान घेतलं, तेही उत्तरेसाठीच. थंडीतल्या चाचण्यांचं एक पान जोडू."

थंडीचं पान हवंच. पण कॅनडाची उत्तर म्हणजे अंतर, अंधार आणि गोठलेलं तेल. तिथल्या आर्क्टिकमधल्या बहुतेक धावपट्ट्या समुद्रसपाटीपासून फारशा उंच नाहीत, आणि थंड, दाट हवेत पंख आणि इंजिन उलट चांगलं काम करतात. आपली उत्तर उंच आहे, आणि उन्हाळ्यात वर गरमही होते.

मी आमच्या तरुण सहकारी मुलीला म्हटलं, "फळ्यावर लिही. लेह, जुलै, दुपारी एक."

लेहची धावपट्टी सुमारे ३२५० मीटरवर आहे. त्या उंचीवर प्रमाण तापमान उणे ६ अंश धरतात. जुलैत दुपारी पारा २५ वर गेला तर फरक ३१ अंशांचा. दर अंशाला साधारण ३६ मीटर उंची वाढल्यासारखी हवा विरळ होते. तिने गुणाकार केला, अकराशे मीटर वाढवले आणि थांबली. "म्हणजे विमानासाठी लेह ४४०० मीटरवर गेलं?" हो. म्हणूनच तिथे उड्डाणं शक्यतो सकाळीच उरकतात. दुपारी वाराही उठतो.

मग दौलत बेग ओल्डी, लडाखच्या उत्तर टोकाची धावपट्टी. १६,६१४ फूट. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम ६० टक्के असते. वेगदर्शक नेहमीचाच आकडा दाखवतो, पण चाकं टेकतात तेव्हा जमिनीवरचा वेग पाव पटीहून जास्त वाढलेला असतो आणि ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जा दीडपटीच्या वर जाते. १९६२ मध्ये स्क्वॉड्रन लीडर राजे यांनी तिथे पॅकेट विमान उतरवलं. आपल्या पॅकेट विमानांच्या पाठीवर तर जादा जेट इंजिन बसवावं लागलं, कारण मुळात ती या उंचीसाठी नव्हतीच. काही वर्षांनी ही उड्डाणं थांबली आणि मग ४३ वर्षं त्या पट्टीवर आपलं असं विमान उतरलं नाही. ३१ मे २००८ ला एएन-३२ उतरलं, २० ऑगस्ट २०१३ ला सी-१३०जे. या तारखा सांगताना माझा आवाज चढतो. चढू दे.

जेवणाच्या सुट्टीत कुणी उठलं नाही. तिने लेहच्या त्या दुपारसाठी उत्पादकाचे कामगिरीचे आलेख उघडले. धावपट्टी सोडताना एक इंजिन बंद पडलं, तरी उरलेल्या जोरावर दरीतून वर चढता आलं पाहिजे. त्यातून निघालेल्या वजनातून परतीचं इंधन वजा केलं. उरलेला भार तक्त्यातल्या पहिल्या ओळीच्या अर्ध्याहूनही बराच खाली आला.

खोलीत शांतता पसरली. मग साहेबांनी विचारलं, "हे त्यांनी विचारलंय का?"

नव्हतं विचारलं.

"मग आपण होऊन का सांगायचं? बाकीचे कमाल भारच देतील. आपणच लहान दिसू."

प्रश्न धंद्याचा होता आणि चुकीचा नव्हता. मी त्यांना एका दुपारची गोष्ट सांगितली. लेहहून निघायला उशीर झाला होता, ऊन वाढत गेलं तसं वजन घटवत जावं लागलं. सुट्टीवर निघालेले जवान सामानासकट आत बसले होते. त्यांतल्या काहींना उतरवावं लागलं. एकाने फक्त विचारलं, "साहब, कल पक्का?" मी पक्कं कसं सांगणार? वर रॉकेल आणि रेशन किती नेलं हे सगळे मोजतात. वरून किती माणसं, किती जखमी खाली आणता येतील, हा आकडा माहितीपत्रकात मला आजवर दिसलेला नाही. आणि उड्डाण अवघड असतं ते वरूनच.

साहेब बराच वेळ फळ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी परदेशातल्या भागीदार कंपनीच्या कामगिरी-अभियंत्याला फोन लावला. मला वाटलं होतं तो हरकत घेईल. त्याने आलेख बरोबर वाचलेत का ते तपासलं, वाऱ्याची एक दुरुस्ती सुचवली, आणि म्हणाला की हे पान जोडणार असाल तर इंधनाचे दोन पर्याय दाखवा: परतीच्या इंधनासह आणि त्याशिवाय. आरएफआयमध्ये सूचनांसाठी जागा होती. तिथे आम्ही लिहिलं की भाराची अट समुद्रसपाटीवर न ठेवता ठरावीक उंचीवर, ठरावीक तापमानाला, एक इंजिन बंद धरून आणि उड्डाणाच्या वजनावर ठेवावी.

ऑफिसवरून त्या संध्याकाळी एक सी-२९५ गेलं. अशा ५६ विमानांपैकी ४० आपल्या बडोद्यातच जुळवली जाणार आहेत, हवाई दलाच्या जुन्या अॅव्ह्रो विमानांच्या जागी. मुलगी खिडकीशी गेली आणि तिथूनच म्हणाली, "काका, लडाखातल्या त्या थॉईस तळाचं तापमान कुठे मिळेल? कारगिलचंही हवं. दोन्ही ओळी आजच घालते."