आण्यांच्या हिशेबातला फुटबॉल क्लब

सार्वजनिक न्यासांची प्रकरणे चालवणाऱ्या वकिलाच्या वाट्याला फुटबॉल क्वचितच येतो. मागच्या पावसाळ्यात नागपूरच्या एका जुन्या क्लबचे सरचिटणीस आणि त्याच क्लबचे एकेकाळचे गोलकीपर पत्र्याची पेटी घेऊन माझ्या कार्यालयात आले, आणि तो सबंध दिवस त्या पेटीतच गेला. क्लब जिल्हा लीगच्या खालच्या विभागात खेळणारा. कामठीच्या नामांकित संघांची चर्चा निघते, तिथे त्याचे नाव निघत नाही.

अडचण कायद्याची होती. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ नुसार विश्वस्तांमधील बदल ९० दिवसांत कळवावा लागतो. या क्लबने साठच्या दशकाच्या उत्तरार्धात झालेल्या नोंदणीनंतर एकही बदल अर्ज दाखल केला नव्हता, त्यामुळे परिशिष्ट एकवर, म्हणजे न्यासाच्या अधिकृत नोंदीवर, अजूनही दिवंगतांचीच नावे होती. मधल्या कार्यकारिणींच्या निवडी क्रमाने दाखवणे भाग होते; पण ठरावबुकाची शिलाई वाळवीने खाल्लेली, पाने सुटी झालेली, आणि बहुतेक पानांवर तारीख व महिना असला तरी वर्ष नव्हते.

पहिली चाळणी मी हिशेबाची लावली. रुपये-आणे-पै असतील ती पाने साधारणपणे १ एप्रिल १९५७ पूर्वीची, ‘नये पैसे’ असतील ती त्यानंतरची, आणि ‘नये’ गळून नुसते पैसे उरले की १ जून १९६४ च्या पुढची. लिहिणाऱ्याच्या सवयीने थोडे मागेपुढे होणार, हे धरून चाललो. अर्जांच्या नकलांनीही मदत केली. मध्य प्रदेश शासनाला उद्देशून लिहिलेले अर्ज १ नोव्हेंबर १९५६ च्या आधीचे, कारण तोवर नागपूर त्या राज्याची राजधानी होती; मुंबई राज्याला लिहिलेले १ मे १९६० च्या आधीचे. एकाच मैदानासाठी, एकाच वस्तीतल्या माणसांनी तीन राज्यांच्या सरकारांना घातलेल्या विनंत्या मी प्रथमच पाहत होतो.

पैशांचा उल्लेखच नसलेल्या पानांपाशी मी अडलो, तेव्हा गोलकीपर काकांनी सूत्रे हाती घेतली. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये, बरेच खेळाडू अनवाणी असलेला भारतीय संघ युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा हरला आणि त्यानंतर आपल्या महासंघाने बूट सक्तीचे केले. तेव्हा ‘बूट नसलेल्यास संघात घेऊ नये, दोघांत एक जोडी असल्यास सामने वाटून घ्यावेत’ हा ठराव त्याच्या पुढचाच, असे त्यांनी ठामपणे सांगितले. पेनल्टी शूटआउटचा नियम १९७० चा, म्हणून त्याचा उल्लेख असलेले कोणतेही पान त्याआधीचे असू शकत नाही, हेही त्यांचेच. असा तर्क सुनावणीत पुरावा म्हणून चालत नाही. पण एकदा क्रम लागला की पावतीपुस्तके आणि मृत्यूचे दाखले यांच्याशी ताळा जमवता येतो.

दुपारनंतर दोन गठ्ठे झाले. आण्यांचा गठ्ठा नोंदणीपूर्वीचा, म्हणजे माझ्या कामाला निरुपयोगी, आणि वाचत मात्र मी तोच बसलो. चेंडूचे ब्लॅडर, शिलाईची वादी, रेषा आखायचा चुना, मध्यंतराची लिंबे, कामठीला जायला भाड्याने घेतलेल्या सायकली, पंचाशी हुज्जत घालणाऱ्या बॅकला केलेला दंड! रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत करंडक आणि प्रमुख पाहुणे तेवढे होते; पराभव, आणि त्यांची कारणे, इथे होती. “हारलो थे बी लिवलं हाये, साहेब,” काका म्हणाले, आणि एका ऑफसाइडवरून त्यांचा नि सरचिटणिसांचा वाद सुरू झाला, तो चहा येईपर्यंत मिटला नाही. त्या गठ्ठ्याची टंकलिखित प्रत करून ठेवा, असे मी दोघांना सुचवले.

प्रकरण अद्याप प्रलंबित आहे. विलंबमाफीच्या अर्जात ‘पदाधिकारी अल्पशिक्षित असल्याने’ हे आमचे नेहमीचे वाक्य मी गाळले, कारण लिंबांचा हिशेब पैपर्यंत ठेवणाऱ्या क्लबविषयी तसे लिहिणे मला पटेना. कलम २२ ची माहिती त्यांना कोणी दिली नव्हती, एवढेच नमूद केले.