आयईएलटीएसचं रीडिंग आणि माझं अडलेलं ‘नॉट गिव्हन’

आयईएलटीएस अ‍ॅकॅडमिकच्या रीडिंगमध्ये, म्हणजे परदेशी शिक्षणासाठीच्या या इंग्रजी परीक्षेच्या वाचनाच्या भागात, मला ९ पैकी बँड ७ हवा होता. म्हणजे ४० पैकी साधारण ३० उत्तरं बरोबर यायला हवीत. पहिल्या सराव परीक्षेत माझी २२ आली. वेळ ६० मिनिटं, पॅसेज तीन, आणि पहिल्याच पॅसेजवर माझा जवळजवळ अर्धा तास गेला होता. शब्द न् शब्द कळल्याशिवाय पुढे जायचं नाही, ही शाळेपासूनची सवय.

वेळेचं गणित तसं लवकर जमलं. पहिला पॅसेज १५ मिनिटांत उरकायचा, तिसऱ्यासाठी २५ राखायची, कारण बहुधा तोच सगळ्यात अवघड असतो. अडलं की पुढे जायचं. चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, त्यामुळे कोरी जागा सोडायची नाही.

घाम काढला तो ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हननं. यात एक विधान देतात; ते मजकुराशी जुळतं, त्याच्या उलट आहे, की मजकुरात त्याबद्दल काहीच नाही, हे ठरवायचं. सरावातला एक प्रश्न अजून आठवतो. मजकुरात होतं, दीपगृहाचा रखवालदार रोज हवामानाची नोंद ठेवत असे. विधान होतं, या नोंदींचे त्याला वेगळे पैसे मिळत. मी बेधडक फॉल्स लिहिलं. नोंदी ठेवणं हे त्याचं कामच, त्याचे वेगळे पैसे कोण देणार? उत्तर निघालं नॉट गिव्हन. मी परिच्छेद तीनदा वाचला. पैशांबद्दल अवाक्षरही नव्हतं, ते सगळं माझ्या डोक्यातलं होतं. फॉल्स म्हणायचं तर मजकुरानं विधानाच्या उलट काहीतरी सांगितलेलं असावं लागतं.

तेव्हापासून ट्रू किंवा फॉल्स लिहिण्याआधी मी मजकुरातल्या नेमक्या शब्दांवर पेन्सिल टेकवायची. टेकवायला जागाच नसेल, तर नॉट गिव्हन. हा प्रश्नप्रकार अनेकांना फसवा वाटतो, मला तो सर्वांत प्रामाणिक वाटायला लागला.

मी परीक्षा कागदावर दिली. रीडिंगला उत्तरं उतरवायला वेगळा वेळ मिळत नाही, म्हणून थेट उत्तरपत्रिकेवरच लिहीत गेले. एका गाळलेल्या जागी दोनच शब्दांची मर्यादा होती आणि मी ‘द’ धरून तीन लिहिले होते; शेवटच्या पाच मिनिटांत ते दिसलं, खोडलं.

एक विधान माझ्या अभ्यासाच्या विषयातलं निघालं. ते खरं आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं. पेन्सिल ओळीओळीवरून फिरवली, कुठेच टेकेना. नॉट गिव्हन लिहिलं आणि पान उलटलं.

तेराव्या दिवशी निकाल लागला. रीडिंग, ७.५.